पंखा फिरतोय का?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की बंगळुरूचा एस. पी. रोड, ‘नवा पीसी जोडला, पण चालूच होत नाही’ असा फोन दुकानात आला की पलीकडून बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘पंखा फिरतोय का?’ गिऱ्हाईक वैतागतं. महिनाभर किमती बघून एकेक भाग जमवलेला, अर्धी रात्र जागून स्क्रू पिळलेले, बटण दाबलं तर पीसी ढिम्म, आणि हा पंख्याचं विचारतोय! पण प्रश्न अगदी नेमका असतो. ‘चालू होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे आजार असतात. पंखा मुळीच हलत नाही, हा पहिला. पंखा क्षणभर फिरतो, दिवे लुकलुकतात आणि सगळं थंड पडतं, हा दुसरा. पंखे मजेत फिरतात पण पडदा काळाच, हा तिसरा. तिन्हींची कारणं वेगळी आणि शोधायच्या जागाही वेगळ्या. हे आधी ठरवलं नाही, तर माणूस रॅम काढ-घाल करत बसतो आणि दोष असतो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये.

पीसीचं बटण हे खरं तर बटण राहिलेलंच नाही, इथून सुरुवात करायला हवी. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीला उजव्या अंगाला लाल रंगाचा जाडजूड खटका होता. तो वर केला की घरातली वीज थेट यंत्रात शिरायची, खाली केला की तुटायची. पुढे बटण कॅबिनेटच्या तोंडावर आलं तरी जात तीच राहिली. आपल्याकडच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये पुढच्या पॅनलपर्यंत २३० व्होल्टच्या जाड वायरी ओढलेल्या असत आणि झाकण उघडून काम करणाऱ्याला त्यांच्यापासून बोटं सांभाळावी लागत. विंडोज ९५ बंद केली की काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची सूचना यायची, तीही यामुळेच. यंत्राला स्वतःची वीज स्वतः तोडता येत नव्हती. शेवटचा खटका माणसानेच दाबायचा.

त्याच १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचा आराखडा जाहीर केला आणि हे सगळं उलटंपालटं झालं. तेव्हापासून कॅबिनेटचं बटण हे दारावरची घंटा आहे. ती वाजवणं आपलं काम. दार उघडायचं की नाही, हे आत बसलेला मदरबोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ठरवतात. बटणाच्या दोन बारीक वायरींमधून पीसी चालवणारी वीज वाहतच नाही. बटण दाबल्यावर बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, एवढंच.

मग वीज येते कुठून? एसएमपीएसच्या मागचा खटका चालू असेल, तर त्याच्या पोटातला एक छोटासा भाग सतत जागा असतो. पीसी बंद असतानाही तो जांभळ्या वायरीवरून बोर्डाला ५ व्होल्ट पुरवत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. त्या तुटपुंज्या विजेवर बोर्डाचा एक कोपरा बटणाकडे कान लावून बसलेला असतो. बटण दाबलं गेलं, की बोर्ड हिरव्या वायरीला ग्राउंडशी जोडतो. हा एसएमपीएसला इशारा. इशारा मिळताच एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे तिन्ही पुरवठे सुरू करतो, ते स्थिर झाल्याची खात्री करतो आणि मग करड्या वायरीवरून ‘वीज नीट आहे’ असा निरोप परत पाठवतो. तो निरोप पोहोचेपर्यंत प्रोसेसरला जागं होण्याची परवानगी नसते. सगळा व्यवहार जेमतेम सेकंदभरात उरकतो.

ही साखळी डोक्यात ठेवली, की बंद पीसी गूढ वाटेनासा होतो. कुठली तरी एक कडी निसटलेली असते आणि ती कुठली, एवढंच शोधायचं असतं. नव्याने जोडलेल्या पीसीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. कारखान्यातून खराब भाग येतात, नाही असं नाही. पण पहिला संशय भागांवर नव्हे, जोडणाऱ्या हातांवर घ्यावा. ऐकायला कडू आहे, पण यात वेळ वाचतो.

आता पहिला आजार, म्हणजे काहीच न हलणं. इथे दुरुस्तीवाले भिंतीपासून सुरुवात करतात आणि ते बरोबर आहे. सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहावा. मध्ये स्पाइक बस्टर असेल तर तो काढून थेट भिंतीत जोडावं. यूपीएसही पहिल्या चाचणीपुरता बाजूला ठेवावा. तपासायच्या गोष्टी जितक्या कमी तितकं बरं. एसएमपीएसच्या मागे येणारी तीन पिनांची काळी केबल अर्धवट बसण्यात पटाईत असते. वरवर पाहिलं तर बसल्यासारखी दिसते, अंगठ्याने दाबली की आणखी अर्धा सेंटिमीटर आत जाते. आणि एसएमपीएसच्या मागचा खटका! त्यावर एका बाजूला उभी रेघ असते, दुसऱ्या बाजूला गोल. रेघ दाबलेली असेल तर चालू, गोल दाबलेला असेल तर बंद. पहिल्यांदा पीसी जोडणारा रेघ आणि गोल यांच्यात हमखास गोंधळतो.

स्वस्तातल्या किंवा जुन्या एसएमपीएसवर या खटक्याशेजारी आणखी एक लाल सरकता स्विच दिसतो, त्यावर ११५ किंवा २३० हा आकडा असतो. भारतात २३०च दिसायला हवा. चुकून ११५वर सरकला असेल आणि आपल्या सॉकेटला जोडला, तर ‘फट्’ असा आवाज येतो, जळका वास सुटतो आणि एसएमपीएस तिथेच संपतो. नव्या, चांगल्या एसएमपीएसना हा स्विच नसतो. १०० ते २४० व्होल्टमध्ये ते आपापलं जुळवून घेतात.

एवढं झालं की बोर्डाकडे पाहायचं. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक दिवा असतो आणि स्टँडबाय पोहोचलं की बटण न दाबताही तो लागतो. दिवा लागला असेल तर भिंत, केबल, खटका आणि एसएमपीएसचा जागा भाग असं सगळं निर्दोष ठरलं. निम्मी साखळी एका नजरेत तपासून झाली. दिवा नसेल तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर बघायचा. तो बसवायला खरोखरच जोर लागतो. नवखा माणूस बोर्ड वाकेल या भीतीने मध्येच थांबतो. कनेक्टरच्या बाजूची कडी बोर्डावरच्या दातावर ‘टक्’ करून अडकली पाहिजे. ती अडकली नसेल तर कनेक्टर बसलेलाच नाही.

दिवा लागतोय, पण बटणाला दाद नाही? मग बहुतेक वेळा भानगड बोर्डाच्या खालच्या कडेला असते. तिथे दोन रांगांत ९ पिनांचा एक चिमुकला गठ्ठा असतो. एका रांगेत ५ पिना, दुसरीत ४, एक जागा मुद्दाम रिकामी. कॅबिनेटच्या तोंडावरून आलेल्या सगळ्या बारीक वायरी इथेच खोचायच्या असतात. त्यांच्या टोकांवरची अक्षरं मुंगीएवढी आणि जागा कॅबिनेटच्या अगदी तळाशी, जिथे ना उजेड पोहोचतो ना बोट. बहुतेक बोर्डांवर मांडणी एकसारखी असते. चार पिनांच्या रांगेतल्या पहिल्या दोन पॉवरच्या दिव्याच्या आणि त्यांना लागून असलेल्या दोन पॉवर बटणाच्या. पाच पिनांच्या रांगेत पहिल्या दोन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या, पुढच्या दोन रीसेटच्या, पाचवी सोडून द्यायची. तरी आपल्या बोर्डाची पुस्तिका एकदा उघडावीच. बटणाच्या वायरी उलट्या लागल्या तरी चालतं, कारण दोन टोकं जोडणं एवढंच बटणाचं काम. दिव्यांच्या वायरी मात्र सुलट्याच लागतात; उलट लागल्या तर दिवा लागत नाही, बाकी काही बिघडत नाही.

इथे दुकानदारांची एक युक्ती फार कामाची आहे. पॉवर बटणाच्या वायरी काढून टाकायच्या आणि त्या दोन उघड्या पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. पीसी सुरू झाला, तर बोर्ड, एसएमपीएस, प्रोसेसर या सगळ्यांवरचा संशय एका फटक्यात दूर होतो. गुन्हेगार कॅबिनेटचं बटण किंवा त्याची वायर. टोक टेकवायला भीती वाटते, पण त्या पिनांवर ५ व्होल्टहून जास्त काही नसतं. टोक शेजारच्या भलत्या पिनेला लागणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यायची. आणखी सोपा उपाय म्हणजे रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावणं. दोन्ही बटणं एकाच जातीची असल्याने रीसेट दाबून पीसी सुरू करता येतो. कॅबिनेटचं पॉवर बटण खराब निघालं तरी असेच दिवस काढणारे लोक आहेत.

या बटणाचा एक चकवा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पॉवर बटण सलग चार सेकंद दाबून धरलं की पीसी सक्तीने बंद होतो, हे अनेकांना माहीत असतं. स्वस्त कॅबिनेटमध्ये बटण आत गेलं की कधी कधी आतच अडकून राहतं. मग पीसी सुरू होतो, चारेक सेकंद चालतो आणि बंद पडतो. माणूस प्रोसेसर तापला म्हणून कूलर काढून पेस्ट पुसत बसतो. बंद पडायला दर वेळी तेवढाच वेळ लागत असेल, तर आधी बटण बोटाने बाहेर ओढून पाहावं.

आता बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे वळायचं. २४ पिनांच्या कनेक्टरखेरीज प्रोसेसरसाठी वेगळा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर असतो, आणि तो विसरणं ही नवख्यांची सर्वांत लाडकी चूक असावी. त्याची जागाही तशीच आडवळणाची, कूलर आणि कॅबिनेटची भिंत यांच्या बेचक्यात. हा वेगळा कनेक्टर आला कशाला, यामागचं गणित गमतीचं आहे. पूर्वी प्रोसेसरला लागणारी वीज बोर्ड ५ किंवा ३.३ व्होल्टच्या वायरींतून घेत असे. २००० साली पेंटियम ४ आला आणि त्याची भूक त्या वायरींना पेलेना. १०० वॉट वीज ५ व्होल्टवर द्यायची तर २० अँपिअरचा प्रवाह लागतो. तीच १२ व्होल्टवर दिली तर साडेआठ अँपिअरहून कमीत भागतं. प्रवाह कमी, म्हणजे वायर आणि कनेक्टर तापणंही कमी. म्हणून १२ व्होल्टचा स्वतंत्र चौपिनी कनेक्टर आला आणि पुढे त्याचा आठपिनी झाला. प्रोसेसरशेजारची सर्किटं हे १२ व्होल्ट सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवतात आणि तिथे प्रवाह ८० अँपिअरपर्यंत जातो. हा कनेक्टर लावलाच नाही तर काही बोर्ड पंखे फिरवून गप्प बसतात, काही तर हलतही नाहीत.

तो लावताना आणखी एक खोडा असतो. एसएमपीएसमधून ८ पिनांच्या दोन जातींच्या केबल निघतात. प्रोसेसरची केबल मधोमध फुटून ४ आणि ४ होते. ग्राफिक्स कार्डाची ६ आणि २. दिसायला सख्खी भावंडं, पण एकीत जिथे १२ व्होल्ट, तिथे दुसरीत ग्राउंड. भोकांचे आकार मुद्दाम वेगळे केलेले असल्याने चुकीची केबल सहजासहजी बसत नाही. तरीही ताकद लावून बसवणारे महाभाग असतात. २४ पिनांच्या कनेक्टरला जोर लागतो म्हटल्यावर इथेही लागत असेल, असं त्यांना वाटतं. इथे लागत नाही. अडलं तर केबल चुकली आहे.

दुसरा आजार, पंखा क्षणभर फिरून थांबण्याचा. पुष्कळांना हा जास्त भयंकर वाटतो, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा बरा. कारण इथे बटणाचा निरोप पोहोचला, एसएमपीएस उठला, वीज सोडायला निघाला आणि कुठे तरी शॉर्ट आहे असं दिसताच त्याने हात आखडता घेतला. चांगला एसएमपीएस असाच वागतो. तो बोर्डाला जळू देत नाही आणि स्वतःही जळत नाही. तेव्हा त्याच्यावर चिडायचं कारण नाही. शॉर्ट कुठे आहे ते शोधायचं.

पहिली झडती बोर्डाच्या पाठीची. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून मध्ये पितळेच्या बुटक्या दांड्या बसवतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. कॅबिनेट वेगवेगळ्या आकारांच्या बोर्डांसाठी बनवलेलं असतं, म्हणून त्यात स्टँडऑफच्या जागाही जास्त असतात. आपल्या बोर्डाला जिथे भोक नाही, तिथे एखादा स्टँडऑफ राहून गेला की तो बोर्डाच्या पाठीवरच्या टाक्यांना टेकतो आणि शॉर्ट तयार. स्टँडऑफ लावलेच नाहीत तर अख्खा बोर्डच पत्र्यावर बसतो. बोर्डामागे घरंगळलेला एखादा सुटा स्क्रूही तेच काम करतो. खोक्यात आलेले स्क्रू आणि लावलेले स्क्रू यांचा हिशेब जुळत नसेल, तर कॅबिनेट उचलून हलक्या हाताने हलवावं आणि कान द्यावा. एक साधा स्क्रू काय करू शकतो याचा मोठा दाखला म्हणजे एनझेडएक्सटी या कंपनीचं ‘एच १’ नावाचं कॅबिनेट. त्यातला एक स्क्रू १२ व्होल्टच्या भागाशी शॉर्ट होऊन आग लागू शकते, हे उघड झालं आणि २०२१ साली ते कॅबिनेट बाजारातून परत मागवावं लागलं. तिथे चूक जोडणाऱ्याची नव्हती, रचनेची होती. पण स्क्रू आणि वीज यांचं वैर तेच.

पाठीमागच्या पोर्टांसाठी पत्र्याची जी चौकट बसवतात, तिचे बारीक पत्री दात कधी यूएसबीच्या किंवा लॅनच्या खाचेत घुसतात. कॅबिनेटच्या तोंडावरच्या यूएसबीसाठी १९ पिनांचा कनेक्टर असतो. तो तिरका दाबला की पिना आडव्या होऊन एकमेकींना भिडतात. आणि सर्वांत महाग प्रकरण म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना. २००४ साली इंटेलने डेस्कटॉपमध्ये पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावर आणल्या. एएमडीनेही २०२२च्या एएम५ सॉकेटपासून तोच मार्ग धरला. त्या सॉकेटमध्ये १,७१८ टोकं आहेत, प्रत्येक केसाएवढं. प्रोसेसर बसवताना कोपरा निसटून त्यावर आपटला तर पाच-सहा टोकं सहज वाकतात. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं, की एकसारख्या चमकणाऱ्या रांगांत वाकलेली टोकं वेगळी दिसतात.

एवढं पाहूनही उलगडा झाला नाही, तर जुने दुरुस्तीवाले बोर्ड सरळ कॅबिनेटच्या बाहेर काढतात. नव्याने जोडणाऱ्याला हे जिवावर येतं, कारण वायरी नीट बांधून नुकतंच कौतुकाने झाकण लावलेलं असतं. पण याहून खात्रीचा मार्ग नाही. बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला, त्याच खोक्यावर ठेवायचा. ज्या चकचकीत पिशवीत गुंडाळलेला होता तिच्यावर नको; त्या पिशवीचा बाहेरचा थर थोडीफार वीज वाहून नेऊ शकतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी. २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा असे दोनच कनेक्टर. ग्राफिक्स कार्ड नाही, डिस्क नाही, यूएसबी नाही, दिव्यांची आरास नाही. आता स्क्रू ड्रायव्हरने त्या दोन पिना टेकवायच्या. चालू झाला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या वस्तूंत. मग एकेक वस्तू परत लावत जायची, आणि दर वेळी वायर भिंतीतून काढून, बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज निपटून मगच हात घालायचा. ज्या वस्तूनंतर बंद पडेल, ती वस्तू किंवा तिची केबल सापडली. नवा एसएमपीएस आणून बघू, नवा बोर्ड आणून बघू, असं भरत जाण्यापेक्षा काढत जाणं स्वस्त पडतं.

एसएमपीएसची एकट्याची परीक्षाही घरी घेता येते. सगळे कनेक्टर बोर्डातून काढायचे, एसएमपीएसला कॅबिनेटचा एखादा पंखा जोडायचा आणि मागचा खटका बंद असताना २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या कुठल्याही काळ्या वायरीला कागदाच्या क्लिपने जोडायची. मग खटका चालू करायचा. बोर्ड जो इशारा देतो तोच इथे क्लिप देते. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात. तेव्हा पुस्तिकेतली आकृती पाहून १६ क्रमांकाची जागा शोधायची. एसएमपीएसच्या स्वतःच्या पंख्यावर विसंबायचं नाही, कारण अनेक नव्या एसएमपीएसमध्ये भार कमी असताना तो मुद्दाम थांबवलेला असतो. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५च्या जागी ४.७५ ते ५.२५ एवढं चालतं. या परीक्षेत नापास झालेला एसएमपीएस नक्की खराब. पास झालेला मात्र पूर्ण भारावरही टिकेल याची हमी नाही.

एक गोष्ट कधीही करायची नाही, ती म्हणजे एसएमपीएसचं पत्र्याचं झाकण उघडणं. २३० व्होल्टची वीज सरळ केली की सव्वातीनशे व्होल्ट होते, आणि आधुनिक एसएमपीएसमध्ये तर मोठ्या कपॅसिटरवर चारशेच्या घरात दाब असतो. वायर भिंतीतून काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. ते काम ज्यांचं आहे त्यांनाच करू द्यावं.

मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबलबद्दल जरा परखड बोलायला हवं. केबलचं जे टोक बोर्डाकडे जातं, ते सगळीकडे एकसारखं असतं. जे टोक एसएमपीएसमध्ये खोचलं जातं, त्याला कुठलंही सामायिक प्रमाण नाही. एका कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही पिनांची मांडणी वेगळी असू शकते. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला नीट बसते, बटण दाबलं जातं, आणि डिस्कला ५च्या जागी १२ व्होल्ट मिळून ती कायमची जाते. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबलही बदलायच्या, यात घासाघीस नाही.

या सगळ्या खटाटोपात अनेकांना पहिल्यांदाच कळतं की आपल्या घराला अर्थिंग नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की त्यातला दिवा मिणमिणतो. लोक घाबरतात, एसएमपीएस खराब म्हणून दुकानात नेतात आणि दुकानात तो धडधाकट चालतो! यामागे साधं कारण आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोहोंना पत्र्याशी जोडतात, आणि त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थच्या वायरीने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थ नसेल तर पत्र्यावर २३०च्या निम्मा, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असल्याने झिणझिण्यांवर भागतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असतेच असं नाही. पीसी सुरू न होण्याशी याचा बहुधा संबंध नसतो. तरीही इलेक्ट्रिशियनला बोलवायचंच, कारण एसएमपीएसमध्ये कधी खरा बिघाड झाला तर फेज थेट पत्र्यावर येऊ शकते, आणि तेव्हा झिणझिण्यांवर भागणार नाही.

उरला तिसरा आजार, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही. खरं तर हा ‘चालू न होण्या’चा आजार नाहीच, यंत्र चालू झालेलं आहे, फक्त स्वतःची तपासणी पूर्ण करू शकत नाही. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. तपासणी जिथे अडली तिथला दिवा पेटून राहतो. इतकी सोय असूनही लोक तिकडे पाहत नाहीत. त्याआधी मॉनिटरची केबल बघावी. ग्राफिक्स कार्ड असताना ती बोर्डाच्या पोर्टात खोचलेली सापडणं नेहमीचंच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टातून चित्र येणं अशक्य. रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि खाचा चार, तर बहुतेक बोर्डांना प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच हवी असते.

आणि डीडीआर ५ रॅम असेल तर धीर धरावा! बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी कोणत्या वेगाने आणि किती अंतर राखून बोलायचं, हे चाचपून पाहतो. एएम५च्या सुरुवातीच्या बोर्डांवर या चाचपणीत काही मिनिटं पडदा काळा राहत असे. तेवढ्यात माणूस घाबरून वीज तोडतो, पुन्हा चालू करतो, चाचपणी पहिल्यापासून सुरू होते आणि ‘बोर्ड डेड आला’ म्हणून तो दुकानात जातो.

कधी भाग सगळे चांगले, जोडणी निर्दोष, तरी डिस्प्ले नाही, असंही होतं. २०१८ साली एएमडीचे ग्राफिक्ससह येणारे नवे रायझन प्रोसेसर आले, तेव्हा दुकानातल्या अनेक बोर्डांत जुनं बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर, होतं आणि ते या प्रोसेसरला ओळखतच नव्हतं. बायोस नवं करायला पीसी चालू व्हायला हवा, आणि पीसी चालू व्हायला बायोस नवं हवं. या कोंडीतून बाहेर काढण्यासाठी एएमडीने ग्राहकांना जुन्या जातीचा एक साधा प्रोसेसर काही दिवसांपुरता उसना पाठवला होता. हल्लीच्या अनेक बोर्डांवर पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसर नसतानाही, नुसत्या स्टँडबाय विजेवर बायोस नवं करण्याचं बटण असतं. बोर्ड विकत घेताना ते आहे का, एवढं तरी विचारावं.

सगळं काढून, पुठ्ठ्यावर ठेवून, दुसरा एसएमपीएस लावूनही बोर्डाचा दिवा लागत नसेल, तर बोर्ड खराब समजायला हरकत नाही. तो वॉरंटीत बदलून घ्यायचा. तिथे मात्र बिलाइतकीच आणखी एक वस्तू लागते. नव्या बोर्डाच्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण येतं, प्रोसेसर बसवला की ते सुटून बाजूला पडतं आणि बहुतेक जण कचऱ्यात टाकतात. ते झाकण जपून ठेवा, बोर्ड परत पाठवताना सॉकेटवर बसवून पाठवा आणि खोक्यात घालण्यापूर्वी सॉकेटच्या पिनांचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. झाकणाशिवाय आलेला किंवा पिना वाकलेला बोर्ड अनेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत, आणि ही अट काही कंपन्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेली असते.